घरातला कॅमेरा, मांजर आणि सांभाळायला आलेली मैत्रीण: कोणाला काय दिसतं?

दिवाळीत पाच दिवस गावाला जायचंय, घरी मांजर आहे आणि तिला बोर्डिंगमध्ये ठेवायचं मन होत नाही. मग एखाद्या मैत्रिणीला चावी दिली जाते: "राहा ना माझ्याकडे पाच दिवस, वायफाय आहे, फ्रिज भरलेला आहे, फक्त मनीला दोन वेळा खायला घाल." पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या वयाच्या लोकांमध्ये ही सोय आता बरीच रुळली आहे. पैसे कोणी घेत नाही, पुढच्या वेळी परतफेड होते.

या घरात बहुतेक वेळा हॉलच्या कपाटावर दोन-अडीच हजारांचा एक वायफाय कॅमेरा बसवलेला असतो. तो मांजरासाठीच घेतलेला असतो, कोणावर पाळत ठेवायला नाही. पण मालकाला त्याची इतकी सवय झालेली असते की तो आहे हे सांगायचंच राहून जातं. आणि जी मैत्रीण पाच दिवस तिथे राहणार आहे, तिच्यासाठी तो मांजराचा कॅमेरा नसतो, तिचा स्वतःचा कॅमेरा असतो. असा कॅमेरा नक्की काय नोंदवतो, ते कोणाकोणापर्यंत जातं, दोघांनी आधी काय ठरवावं आणि कायदा काय म्हणतो, ते या लेखात बघू.

कॅमेरा काय काय नोंदवतो

लाइव्ह व्हिडिओ सगळ्यांना माहीत असतो. अ‍ॅप उघडलं की घर दिसतं. पण मालक अ‍ॅप उघडून बसलेला नसतानाही कॅमेऱ्याचं काम चालूच असतं.

मेमरी कार्ड घातलेलं असेल तर बहुतेक कॅमेरे सतत रेकॉर्डिंग करतात आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवीन लिहितात. याचा हिशोब सोपा आहे. फुल एचडी व्हिडिओ साधारण एक एमबीपीएस बिटरेटने साठवला तर दिवसाला सुमारे ११ जीबी लागतात, दोन एमबीपीएसने २२ जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर तीन ते सहा दिवस मावतात. पाच दिवसांचा पाहुणचार त्यात जवळपास पूर्ण बसतो!

दुसरी गोष्ट आवाज. या स्वस्त कॅमेऱ्यांमध्ये मायक्रोफोन असतोच आणि तो बहुतेक वेळा सुरू असतो. लेन्सला कोपरा असतो, समोर भिंत आली की दिसणं थांबतं. आवाजाला तसं काही नसतं. किचनमध्ये उभं राहून आईशी केलेला फोन, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बॉसबद्दल निघालेला शब्द, डॉक्टरांशी झालेलं बोलणं, हे सगळं हॉलमधल्या कॅमेऱ्याला ऐकू जाऊ शकतं. माझ्या मते व्हिडिओपेक्षा आवाज जास्त खासगी असतो, आणि मांजर खातंय का हे बघायला आवाजाची गरज अजिबात नसते.

तिसरी गोष्ट नोटिफिकेशन, आणि हिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. माणूस ओळखण्याची सोय सुरू असेल तर मालकाच्या फोनवर वेळेसकट सूचना येतात. समजा मालकाने एकही व्हिडिओ उघडला नाही. तरी रात्री १२:४० ला कोणीतरी आलं, सकाळी १०:१५ पर्यंत घरातच होतं, दुपारी दोन माणसं दिसली, एवढं लॉक स्क्रीनवरच कळतं. मैत्रीण किती वाजता आली, एकटी आली का, ऑफिसला दांडी मारली का, हे मालकाला नको असताना माहीत होतं. "मी बघतच नाही गं" हे वाक्य त्यामुळे प्रामाणिक असलं तरी पुरेसं नसतं.

फिरणाऱ्या कॅमेऱ्यांत ट्रॅकिंग सुरू असेल तर तो हलणाऱ्या गोष्टीमागे आपोआप वळतो. मालकाने तो मांजराच्या वाटीकडे तोंड करून ठेवला आणि मैत्रीण समोरून गेली, की वाटी राहिली बाजूला.

'होम' आणि 'अवे' मोडचा घोळ

बऱ्याच स्मार्ट कॅमेरा सिस्टिममध्ये एक सोय असते: घरची माणसं घरी असली की कॅमेरा बंद, सगळी बाहेर गेली की सुरू. घरी कोण आहे हे तिला फोनच्या लोकेशनवरून कळतं. म्हणजे अ‍ॅपमध्ये ज्यांचे फोन जोडलेले आहेत, त्यांच्यावरून.

आता मालक कोल्हापूरला गेला. मैत्रिणीचा फोन त्या यादीत नाही. सिस्टिमच्या दृष्टीने घर रिकामं आहे, म्हणून कॅमेरा सुरू होतो, सूचना सुरू होतात, काही ठिकाणी ट्रॅकिंगही सुरू होतं. मालक स्वतः घरी असताना जो कॅमेरा त्याच्यासाठी झोपलेला असतो, तो पाहुणीसाठी चोवीस तास जागा राहतो. यात कोणाचाही वाईट हेतू नाही, नुसतं सेटिंग आहे. म्हणूनच निघण्याआधी हा ऑटो मोड हाताने बंद करणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं करा.

अ‍ॅप कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे?

घरात कॅमेरा बसवला की त्याचा अ‍ॅक्सेस हळूहळू पसरतो. सुरुवातीला आपल्या फोनमध्ये, मग भावाच्या, मग सांगलीला बाबांच्या टॅबमध्ये, कारण त्यांना मनी बघायला आवडते. मैत्रिणीने विश्वास टाकलेला असतो तुमच्यावर. तुमच्या बाबांवर, भावावर आणि त्याच्या रूममेटवर नाही. काका सहज अ‍ॅप उघडतात आणि त्यांना सोफ्यावर शॉर्ट्समध्ये झोपलेली अनोळखी मुलगी दिसते. काकाही अवघडतात, आणि तिला तर ते कळतही नाही.

म्हणून अ‍ॅपमधल्या 'शेअर' किंवा 'फॅमिली' यादीत एकदा जाऊन बघा. त्या पाच दिवसांसाठी बाकी सगळ्यांचा अ‍ॅक्सेस काढून टाका, नंतर परत देता येतो. जुना फोन विकला किंवा कोणाला दिला असेल तर त्यातलं लॉगिनही तपासा.

कंपनीचं काय? व्हिडिओ क्लाउडवर जात असेल तर तो आपल्या आणि मैत्रिणीच्या बाहेर तिसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असतो, आणि तिसऱ्याकडून चुका होतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या 'रिंग' कंपनीवर कारवाई केली. एका कर्मचाऱ्याने महिला ग्राहकांची हजारो रेकॉर्डिंग्ज काही महिने बघितली, असा त्यात आरोप होता, आणि प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'वाइझ'च्या सुमारे १३,००० ग्राहकांना त्यांच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांच्या घरातली छोटी चित्रं दिसली. सर्व्हर बंद पडून परत सुरू होताना कॅशिंगमध्ये गोंधळ झाला होता. 'यूफी' तर सगळं घरातच साठतं अशी जाहिरात करायची, पण सूचनांसाठीचे थंबनेल क्लाउडवर जातात हे २०२२ च्या शेवटी एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं.

हे सांगून घाबरवायचं नाहीये. एक प्रोग्रॅमर म्हणून मला कॅशिंगचा बग कसा होतो ते नीट कळतं, आणि म्हणूनच वाटतं की जे रेकॉर्ड करायची गरजच नाही ते न केलेलं बरं. जो व्हिडिओ बनलाच नाही, तो लीक होत नाही.

वन बीएचकेचं गणित

परदेशी लेखांमध्ये एक सोपा सल्ला असतो: कॅमेरा हॉलमध्ये चालेल, बेडरूम आणि बाथरूममध्ये नको. मोठ्या घरात तो बरोबरही आहे. आपल्याकडे पाहुणी झोपते कुठे? वन आरकेमध्ये हॉल हीच बेडरूम. वन बीएचकेमध्येही मालकाच्या बेडरूममध्ये झोपायला संकोच वाटतो म्हणून ती हॉलमध्ये गादी टाकते. बाथरूममध्ये कपडे टांगायला जागा नसते, म्हणून टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन हॉलमध्ये कपडे बदलते. घरात एकटीच आहे, दार बंद आहे, पडदे लावलेत, मग का नाही?

त्यामुळे खोलीचं नाव काय आहे ते सोडा. तिथे माणूस झोपणार आहे का, कपडे बदलणार आहे का, हे विचारा. उत्तर 'हो' असेल तर ती माणूस घरात असताना तिथला कॅमेरा बंदच हवा. 'एअरबीएनबी'ने तर हा वादच संपवला: ३० एप्रिल २०२४ पासून जगभरातल्या त्यांच्या घरांमध्ये आतले कॅमेरे पूर्ण बंद. आधी हॉल किंवा पॅसेजमध्ये, आगाऊ सांगून, कॅमेरा ठेवता यायचा. पैसे देऊन राहणाऱ्या परक्या माणसाला जे मिळतं, ते फुकटात आपलं मांजर सांभाळणाऱ्या मैत्रिणीला मिळू नये, हे मला तरी पटत नाही.

मग मांजराची काळजी कशी करायची?

मालकाची बाजूही खरी आहे. मांजर खात नाहीये, औषध चालू आहे, मागच्या वेळी गॅलरीतून खाली पडता पडता वाचलं, अशी कारणं असतात. पण नीट बघितलं तर मालकाला दोन गोष्टी हव्या असतात: मनी ठीक आहे ना, आणि कोणी घरात नसताना काही होत नाही ना.

पहिलीसाठी मैत्रीणच पुरेशी आहे. सकाळ-संध्याकाळ एक फोटो आणि रिकाम्या वाटीचा एक फोटो. दुसरीसाठी कॅमेरा उपयोगी आहे, पण फक्त मैत्रीण बाहेर असताना. यावरून सगळ्यात चांगली व्यवस्था आपोआप सुचते: कॅमेऱ्याचं बटण मैत्रिणीच्या हातात द्या. ती ऑफिसला निघताना सुरू करेल, परत आली की बंद करेल.

हे करायचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात साधा म्हणजे प्लग. कॅमेऱ्याचा अ‍ॅडाप्टर हाताला येईल अशा बोर्डावर लावा आणि "घरी आलीस की बटण बंद कर" म्हणून सांगा. यात शंकेला जागाच राहत नाही, कारण वीज नाही तर कॅमेरा नाही. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला हे लागू होत नाही. दुसरा मार्ग अ‍ॅपमधला प्रायव्हसी मोड किंवा स्लीप मोड. काही फिरत्या कॅमेऱ्यांत हा मोड लावला की लेन्स आतल्या बाजूला वळून झाकली जाते, ते डोळ्यांना दिसतं, म्हणून ते चांगलं. काहींमध्ये मात्र लेन्स तिथेच राहते आणि नुसतं सॉफ्टवेअर व्हिडिओ थांबवतं. ते खरंच थांबलंय का, हे समोर बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. तिसरा मार्ग वेळापत्रकाचा, म्हणजे सकाळी १० ते संध्याकाळी ७ सुरू. हा मला फारसा आवडत नाही. एखाद्या दिवशी डोकं दुखलं म्हणून ती दुपारीच घरी आली, की वेळापत्रक फसलं.

कॅमेरा सुरू असेल तेव्हाही तो खाली, जमिनीजवळ ठेवा. फूटभर उंचीवर, वाटीकडे आणि लिटर बॉक्सकडे तोंड. मांजर पूर्ण दिसतं, माणसाचे पाय दिसतात. मायक्रोफोन बंद, ट्रॅकिंग बंद. आणि जमलं तर मैत्रिणीला त्या कॅमेऱ्याचा व्ह्यू शेअर करा, म्हणजे तुम्हाला काय दिसतं ते तिला तिच्याच फोनवर दिसेल. तुमचा पासवर्ड द्यायची गरज नाही, बहुतेक अ‍ॅपमध्ये डिव्हाइस शेअर करायची वेगळी सोय असते.

स्मार्ट स्पीकर विसरू नका. त्यातल्या काहींमध्ये बाहेरून थेट जोडलं जाऊन घरातलं ऐकायची किंवा बघायची सोय असते. माइकचं बटण दाबून ठेवा. आणि कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून अचानक "मनी, मनी, इकडे बघ" असं ओरडू नका. रात्री अकराला रिकाम्या घरात तो आवाज ऐकून माणसाचं काय होतं, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच विचारा.

सांगायचं कसं?

चावी देतानाच, आणि लेखी. तोंडी सांगितलेलं बॅग आवरण्याच्या घाईत विरून जातं. साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरतो:

"अगं, घरात एकच कॅमेरा आहे, हॉलमध्ये टीव्हीच्या खाली, मनीच्या वाटीकडे तोंड करून. आवाज बंद केलाय. माझ्याशिवाय कोणाकडे अ‍ॅक्सेस नाही. तू घरी असशील तेव्हा प्लग बंद ठेव, निघताना चालू कर. दाराबाहेर बेलचा कॅमेरा आहे, तो चालूच असतो. चालेल ना? नको वाटत असेल तर सरळ सांग, काढूनच ठेवते."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. 'नको' म्हणायची मोकळीक तुम्हीच द्यायची, कारण समोरची माणूस आधीच तुमच्यासाठी काहीतरी करतेय आणि वर अटी घालतेय असं तिला वाटू शकतं. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हेच लागू होतं. त्यांना तर कोणी सांगतच नाही.

तुम्ही राहायला जात असाल तर

सरळ विचारा: "कॅमेरा आहे का रे घरात? कुठे? आवाज रेकॉर्ड होतो का? आणखी कोणाला दिसतं?" विचारलं म्हणजे मित्रावर संशय घेतला असं होत नाही. चावी घेताना गॅसचा कॉक कुठे आहे हे विचारतोच ना आपण.

तरीही शंका राहिली तर थोडं तपासता येतं. रात्री दिवे घालवून फोनच्या फ्रंट कॅमेऱ्यातून खोली बघा. नाइट व्हिजनसाठी कॅमेरे इन्फ्रारेड एलईडी वापरतात. ८५० नॅनोमीटरच्या एलईडीचा अंधुक लाल ठिपका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, ९४० नॅनोमीटरचा डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या स्क्रीनवर अनेकदा जांभळट-पांढरा चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर जास्त कडक असतो, म्हणून फ्रंट कॅमेरा वापरा. वायफायवर जोडलेल्या डिव्हाइसची यादी दाखवणारं अ‍ॅपही वापरता येतं, त्यात अनेकदा कंपनीचं नाव दिसतं. पण तुम्हाला गेस्ट वायफाय दिलं असेल तर मुख्य नेटवर्कवरचं काही दिसणार नाही. म्हणजे यादीत कॅमेरा दिसला तर तो आहे, दिसला नाही म्हणून नाहीच असं नाही.

लाइटवर विसंबू नका. बहुतेक कॅमेऱ्यांचा स्टेटस लाइट अ‍ॅपमधून बंद करता येतो. गुगलने २०१९ मध्ये नेस्ट कॅमेऱ्यांमधली ही सोय काढून टाकली, फक्त प्रकाश कमी करता येईल असं ठेवलं. तेव्हा मालकांनी बरीच आरडाओरड केली होती. निर्णय योग्यच होता.

न सांगितलेला कॅमेरा सापडला तर लगेच तोडफोड करू नका. फोटो काढा, त्यावर फडकं टाका, मित्राला फोन करा. दहातल्या नऊ वेळा "अरे देवा, सांगायचं विसरलोच" असंच उत्तर येईल. पण कॅमेरा बाथरूममध्ये किंवा लपवून बसवलेला असेल तर ती विसरण्याची गोष्ट नाही. तिथून निघा आणि पुढचा भाग वाचा.

कायदा काय म्हणतो

स्वतःच्या घरात कॅमेरा लावणं भारतात गुन्हा नाही. गुन्हा ठरतो तो काय टिपलं आणि कसं, यावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ हे जुन्या ३५४-सीच्या जागी आलं आहे. जिथे आपल्याला कोणी बघत नाहीये असं स्त्री साहजिकच धरून चालते, तिथे तिच्या खासगी कृतीकडे बघणं, ती टिपणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा ठरल्यास तीन ते सात. लक्षात घ्या, नुसतं बघणंही त्यात येतं, रेकॉर्डिंग असलंच पाहिजे असं नाही. शिवाय टिपायला संमती होती पण पसरवायला नव्हती, तर पसरवणं हा गुन्हाच.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई स्त्री-पुरुष कोणालाही लागू होतं. संमतीशिवाय कोणाच्याही खासगी अवयवांची प्रतिमा जाणूनबुजून टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सोफ्यावर बसून फोनवर बोलणाऱ्या मैत्रिणीचं रेकॉर्डिंग या दोन्हीत बसत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही इथे कामाला येत नाही, कारण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेला डेटा त्यातून वगळला आहे. सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो मुख्यतः सरकारसमोर मांडला जातो. म्हणजे या मधल्या मोठ्या पट्ट्यात कायदा जवळपास गप्प आहे आणि सगळं मैत्रीवर सोडलेलं आहे.

परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आवाजाकडे जास्त लक्ष द्यावं. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण रेकॉर्ड करायला त्यात भाग घेणाऱ्या सगळ्यांची संमती लागते. सनीवेलच्या घरात तुमचा कुत्रा सांभाळणारा मित्र पुण्याला आईशी बोलतोय, आणि तुमचा कॅमेरा ते ऐकतोय, तर संमती ना त्याची, ना काकूंची.

परत आल्यावर

मैत्रीण गेली की त्या दिवसांचं रेकॉर्डिंग पुसा, आणि सगळ्या जागी पुसा. मेमरी कार्ड अ‍ॅपमधूनच फॉरमॅट होतं. क्लाउडवरच्या क्लिप वेगळ्या डिलीट कराव्या लागतात, नाहीतर तुमच्या प्लॅननुसार त्या कितीतरी दिवस पडून राहतात. फोनमध्ये डाउनलोड केलेली एखादी क्लिप असेल तर तिचा बॅकअप गुगल फोटोजमध्ये गेलेला असू शकतो, तिथला ट्रॅशही रिकामा करा.

मैत्रीण मनीला मांडीवर घेऊन गाणं म्हणतेय अशी एखादी गोड क्लिप सापडली, तर ती ग्रुपवर टाकण्याआधी तिला एकटीला पाठवा आणि विचारा. ती 'नको' म्हणाली तर तीही पुसा. मग होम-अवे मोड परत सुरू करा, बाबांचा अ‍ॅक्सेस परत द्या. त्यांना मनी दिसली नाही म्हणून त्यांचे दोन फोन एव्हाना येऊन गेलेले असतील.